घरगुती छोट्या भट्टीचं अस्तर: काय निवडायचं, कुठे लावायचं आणि किती जाड

लोखंड तापवायला छोटी भट्टी करायची म्हटलं की नवखा माणूस आधी बर्नरच्या मागे लागतो, मग एखादं नळकांडं मिळवतो, आणि आत काय लावायचं हे शेवटी विचारतो. क्रम उलटा हवा. आतली पोकळी किती राहणार, ती किती तापणार, इंधन किती खाणार आणि बाहेरचं कवच किती मोठं लागणार, हे सगळं अस्तरावर ठरतं. त्यामुळे अस्तर आधी, नळकांडं नंतर.

गोंधळ होतो तो एका गोष्टीमुळे. आग सोसणं आणि उष्णता अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जड फायर ब्रिक आग उत्तम सोसते, पण उष्णता अडवत नाही. स्वतः खूप उष्णता पिऊन घेते आणि उरलेली पलीकडे जाऊ देते. सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे आग सोसणाऱ्या तंतूंची गादी, उष्णता सुंदर अडवतं, पण सांडशीचा एक धक्का लागला की फाटतं. दोन्ही कामं तितक्याच चांगल्या रीतीने करणारा पदार्थ बाजारात नाही. म्हणून अस्तर थरांनी बनवायचं: आगीच्या बाजूला पातळ, कठीण, आग सोसणारा थर आणि त्याच्या मागे जाड, हलका, उष्णता अडवणारा थर. खाली जे काही आहे ते या एका वाटणीचाच तपशील आहे.

इंधन कोणतं?

कोळशाची भट्टी असेल, लोणारी कोळसा असो वा दगडी, तर निम्मा लेख तुमच्यासाठी नाही. कोळशाच्या भट्टीत आग ढिगाच्या मध्यभागी असते आणि भोवतीचा कोळसाच बराचसा आडोसा करतो. उष्णता अडवण्याची तिथे फारशी गरज नसते. गरज असते ती टोचाटोची, ओरखडे आणि तळाशी जमणारा काचेसारखा मळ सोसण्याची. अशा ठिकाणी सिरॅमिक ब्लँकेट किंवा उष्णता अडवणारी हलकी वीट लावली तर ती काही दिवसांतच उकरली जाते आणि भात्याच्या झोतात तिचे तंतू हवेत उडतात. तिथे चिकणमाती आणि वाळूचं मिश्रण (एक भाग माती, दोन ते तीन भाग वाळू, मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल इतकंच पाणी) ठोकून बसवा, किंवा जड फायर ब्रिक मांडा. सावकाश वाळू द्या आणि भेगा पडल्या की त्याच मातीने लिंपा. लाकडी खोक्यात माती भरून, मध्ये खळगा करून आणि बाजूने हवेची नळी घालूनही कामचलाऊ भट्टी होते. शिकायला ती पुरेशी आहे.

यापुढचं सगळं गॅसभट्टीबद्दल. तिथे पोकळी रिकामी असते, भिंती स्वतः लालबुंद होतात आणि त्या भिंतींच्या प्रारणावरच लोखंड तापतं. म्हणून गॅसभट्टी अस्तरावर जगते.

काम ठरवा, मग तापमान

साधं पोलाद घडवायला ते नारिंगी-पिवळं व्हावं लागतं, म्हणजे साधारण १००० ते १२०० अंश सेल्सिअस. फोर्ज वेल्डिंग करायचं, म्हणजे दोन तुकडे तापवून ठोकून एकजीव करायचे, तर पोलाद फिकट पिवळं, जवळजवळ पांढरं दिसेपर्यंत, १२५० ते १३०० अंशांपर्यंत जावं लागतं. भट्टीच्या भिंतींना त्याहून थोडं जास्त सोसावं लागतं, आणि ज्योत जिथे थेट आदळते तिथे अजून जास्त.

दुसरा प्रश्न: टाकणखार (बोरॅक्स) वापरणार का? फोर्ज वेल्डिंगमध्ये सांधा स्वच्छ राहावा म्हणून टाकणखार टाकतात. तो वितळून खाली ठिबकतो आणि सिरॅमिक ब्लँकेटला, हलक्या विटेला साखर पाण्यात विरघळावी तसा विरघळवत नेतो. तळाला कोणता थर द्यायचा हे याच एका उत्तरावर ठरतं, म्हणून ते आताच ठरवून ठेवा. आज नाही पण वर्षभरात करून बघणार असाल, तर उत्तर ‘हो’ धरा.

सिरॅमिक ब्लँकेट

अल्युमिना आणि सिलिका यांच्या तंतूंची ही गादी. रोलमध्ये मिळते, २५ मिलिमीटर जाडी सर्वांत सोयीची. तिच्यावर दोन आकडे छापलेले असतात आणि दोन्ही वाचायला शिकलं पाहिजे.

पहिला तापमानाचा, बहुधा १२६० किंवा १४३० अंश. याला वर्गीकरण तापमान म्हणतात. त्या तापमानाला ठरावीक तास ठेवल्यावर गादी मर्यादेबाहेर आक्रसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रोज त्या तापमानाला वापरा असा मुळीच नाही. सलग वापरासाठी त्यातून शंभर-दीडशे अंश वजा करायचे. म्हणजे १२६० ची गादी उघडी ठेवून फोर्ज वेल्डिंग करायचं म्हणाल तर ती आक्रसेल, कडक होईल, सांधे उघडे पडतील. पुढे कठीण थराचं संरक्षण दिलं तर तीच गादी नेहमीच्या घडाईला चालते. १४३० च्या गादीत झिर्कोनिया घातलेला असतो. वेल्डिंग करणाऱ्याने निदान आतला थर तिचा घ्यावा, बाहेरचा १२६० चा चालेल. तिथवर उष्णता पोहोचेपर्यंत उतरलेली असते.

दुसरा आकडा घनतेचा: ६४, ९६ किंवा १२८ किलो प्रति घनमीटर. १२८ चीच घ्या. उच्च तापमानाला दाट गादीतून प्रारण कमी पलीकडे जातं, ती जास्त चांगली अडवते आणि हाताळताना कमी फाटते.

आता तंतूंचं. या गादीचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाण्याइतके बारीक असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने असे सिरॅमिक तंतू माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या २ब गटात ठेवले आहेत. शिवाय हजार-अकराशे अंशांवर बराच काळ तापल्यावर तंतूंमध्ये क्रिस्टोबलाइट नावाची स्फटिकी सिलिका तयार होते, आणि ती श्वासात जाणं पहिल्या गटात, म्हणजे सिद्ध झालेल्या धोक्यांत मोडतं. जुनं जळकं अस्तर नव्यापेक्षा अधिक धोकादायक असतं ते यामुळे. भट्टीत उघडी गादी ठेवू नये असं मी हट्टाने सांगतो. पंखा किंवा बर्नर तिच्यावर रोज वारा मारत असतो आणि तुम्ही तोंडाशी उभे असता.

कॅल्शियम-मॅग्नेशियम सिलिकेटचे, शरीरात लवकर विरघळणारे तंतू असलेली गादीही मिळते. आरोग्याच्या दृष्टीने ती बरी. पण तिची कमाल मर्यादा थोडी खाली असते आणि टाकणखारापुढे तीही टिकत नाही. मागच्या, कमी तापणाऱ्या थराला मी तीच निवडेन.

हलकी वीट

इन्सुलेशन ब्रिक. हातात घेतली की वीट वाटत नाही इतकी हलकी, लाकडाच्या करवतीनेही कापता येते. हिच्यावर २३, २६, २८ असे आकडे असतात. ते शेकड्यातले फॅरनहाइट अंश आहेत: २३ म्हणजे सुमारे १२६० अंश सेल्सिअस, २६ म्हणजे १४३०, २८ म्हणजे १५४०. भट्टीला २६ च्या खाली उतरू नका. २३ ची वीट ज्योत आदळते तिथे लवकर खचते.

या विटांची भट्टी सर्वांत लवकर उभी राहते. चौकोनी पेटी मांडायची, बाहेरून लोखंडी कोनपट्टीची चौकट आणि आटे पाडलेल्या सळ्यांनी आवळायची, एका विटेत बर्नरसाठी भोक पाडायचं. बस. उणीव म्हणजे वारंवार तापून-थंडावून या विटांना भेगा पडतातच. चौकट घट्ट असेल तर भेगाळलेली वीटही बरेच दिवस जागा सोडत नाही. ज्याला तंतूंशी मुळीच संबंध नको आहे त्याने हा मार्ग घ्यावा आणि आतून पातळ लेप द्यावा.

जड फायर ब्रिक

लोक सर्वांत आधी हीच आणतात, कारण हिचं नाव ऐकलेलं असतं. तळाला एक पातळ जड वीट, ठीक. सबंध भट्टी हिचीच केली तर काय होतं ते आकड्यांत बघा. २३० × ११५ × ७५ मिलिमीटरची वीट सुमारे चार किलोची. अशा दहा विटा सरासरी ७०० अंशांनी तापवायच्या तर त्यांना सुमारे २८ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो एलपीजी पूर्ण जळाला तर सुमारे ४६ मेगाज्यूल मिळतात, आणि त्यातले बरेचसे धुराबरोबर तोंडातून बाहेर जातात. म्हणजे लोखंड लाल व्हायच्या आधी किलोभर गॅस नुसत्या विटांच्या पोटात. त्याच आकाराच्या गादीच्या अस्तराचं वजन जेमतेम किलो-दीड किलो भरतं आणि ते दहा मिनिटांत चमकायला लागतं. दिवसभर अखंड चालणाऱ्या भट्टीला जड वीट परवडते. संध्याकाळी तासभर ठोकाठोक करणाऱ्याला नाही.

कास्टेबल

रिफ्रॅक्टरी कास्टेबल म्हणजे आग सोसणारं काँक्रीट: भाजलेल्या अल्युमिनायुक्त मातीची किंवा तत्सम खडी, आणि बांधायला कॅल्शियम अल्युमिनेट सिमेंट. पोत्यात कोरडं मिळतं, पाणी घालून लिंपायचं किंवा ओतायचं. आगीच्या बाजूचा कठीण थर याचाच करायचा. दाट प्रकार घ्या, १५०० अंश किंवा वरचा. ‘इन्सुलेटिंग कास्टेबल’ असं लिहिलेला हलका प्रकार वेगळा असतो. तो मागच्या भरावाला असतो, आगीसमोर दहा मिलिमीटरचा थर म्हणून तो भुसभुशीत ठरतो.

पोतं घेताना उत्पादनाची तारीख बघा. यातलं सिमेंट हवेतली ओल पितं. आत कठीण गुठळ्या झालेल्या असतील आणि चिमटीत फुटत नसतील तर ते पोतं नको. माहितीपत्रकात अल्युमिनाचं प्रमाण आणि किती टक्के पाणी घालायचं हे दोन आकडे आधी शोधा. अल्युमिना जितका जास्त, तितका टाकणखारापुढे जास्त टिकाव. नव्वद टक्क्यांच्या वर अल्युमिना असलेलं पोकळ अल्युमिना गोळ्यांचं कास्टेबल मिळालं तर तळाला तेच वापरा.

लेप

झिरकॉनचं पीठ, चिनी माती, कोलॉइडल सिलिका (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिबारीक कण) अशा गोष्टींचे पातळ लेप असतात. ‘उष्णता परावर्तित करून निम्मा गॅस वाचवतो’ अशा दाव्यांकडे मी दुर्लक्ष करतो. लेपाचा खरा उपयोग पृष्ठभाग बांधून ठेवणं, तंतू सुटू न देणं आणि टाकणखाराला थोडा अडथळा करणं हा आहे, आणि त्यासाठी तो द्यावाच. शेवटचा हात म्हणून. कास्टेबलच्या ऐवजी नव्हे.

काय वापरायचं नाही

साधं सिमेंट काँक्रीट: त्यातला कॅल्शियम हायड्रॉक्साइड साडेचारशे-पाचशे अंशांवर फुटतो, उरलेला चुना हवेतली ओल पिऊन फुगतो आणि सगळं भुगा होतं. ओलं असताना तापवलं तर तुकडे उडतात. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचं मिश्रण इंटरनेटवरच्या व्हिडिओंमध्ये फार लोकप्रिय आहे. अल्युमिनियम वितळवण्याच्या तापमानाला ते काही काळ तग धरतं. पोलादाच्या तापमानाला भेगाळतं, खचतं आणि गंधकाचा उग्र वायू सोडतं. साधी लाल वीट हजाराच्या पुढे मऊ होऊन काचाळते. नदीतले गोटे तर कधीही नाही, आतल्या ओलीने फुटतात. काचतंतूंची गादी सहा-सातशे अंशांत वितळते. पर्लाइट मागच्या भरावात चालेल, पुढे नाही. चुलीच्या फटी बुजवायला जी तयार लगदी मिळते तिच्यात सोडियम सिलिकेट असतं. ती हजारच्या आसपास मऊ पडते, म्हणून तिचा आतून थर देऊ नका. जुन्या बांधकामातून निघालेली पांढरे तंतुमय पत्रे, दोऱ्या, गाद्या यांना हात लावू नका. ते ॲस्बेस्टॉस असू शकतं.

जाडी: थोडा हिशोब

समजा आतली पोकळी १५० मिलिमीटर व्यासाची आणि ३०० लांब. हिचं घनफळ सव्वापाच लिटर होतं, आणि पाऊण इंची साध्या बर्नरला साधारण तेवढीच पोकळी झेपते. भिंत १२०० अंशांवर आहे. २५ मिलिमीटरचा एकच थर असेल तर भिंतीतून सुमारे सव्वा किलोवॅट उष्णता निसटते आणि कवच हात लावायच्या पलीकडे तापतं. ५० मिलिमीटर, म्हणजे दोन थर केले तर पाऊण किलोवॅटच्या आसपास. तिसरा थर घातला तर जेमतेम दोनशे वॅट आणखी वाचतात, आणि कवच मात्र पन्नास मिलिमीटरने रुंद घ्यावं लागतं.

आता भट्टीचं तोंड बघा. १२०० अंशांवरची पोकळी दर चौरस सेंटिमीटर तोंडातून सुमारे २७ वॅट प्रारण बाहेर फेकते. १०० × ७५ मिलिमीटरचं तोंड उघडं असेल तर दोन किलोवॅट. सगळ्या भिंतींतून जातं त्याच्या अडीच पट, एका तोंडातून! तेव्हा तिसऱ्या थराचा विचार करत बसण्यापेक्षा तोंडासमोर एक-दोन हलक्या विटा सरकवा आणि हवं तेवढंच अंतर उघडं ठेवा. निम्मं तोंड झाकलं की किलोवॅटभर प्रारण आत राहिलं. पूर्ण मात्र बंद करू नका. जळालेला वायू बाहेर जायला वाट हवीच, नाहीतर बर्नर गुदमरतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

मागच्या बाजूलाही एक छोटी खिडकी ठेवा, लांब सळई आरपार घालायला. एरवी ती विटेच्या तुकड्याने झाकलेली.

थोडक्यात निवड

पहिलीच भट्टी, फक्त घडाई: १२६० च्या गादीचे दोन थर, वर कोलॉइडल सिलिका, वर आठ ते दहा मिलिमीटर दाट कास्टेबल, तळाला तेच पंधरा-वीस मिलिमीटर. फोर्ज वेल्डिंगही करायचं असेल तर आतला थर १४३० चा आणि तळाला हाय-अल्युमिना कास्टेबल किंवा कुंभारकामाच्या भट्टीत भांडी मांडायला असते तशी हाय-अल्युमिना फरशी, सुटी ठेवलेली. टाकणखाराने खाल्ली की उचलून दुसरी घालायची. तंतू नकोत किंवा जागा बदलत राहते: २६ च्या हलक्या विटांची पेटी, तळाला पातळ जड वीट.

कवचाचा व्यास आता आपोआप निघतो: १५० पोकळी, दोन्ही बाजूंना ५० गादी आणि १० कास्टेबल, म्हणजे आतून २७० मिलिमीटर. जाड पत्र्याचं नळकांडं किंवा पाइपचा तुकडा घ्या. गॅसचं जुनं सिलिंडर कापायच्या फंदात नवख्याने पडू नये. रिकामं वाटलं तरी आत गॅस उरलेला असतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही टाळा. बर्नरच्या भोकाशी आणि तोंडाच्या कडेला तो पुरेसा तापला तर जस्ताचा धूर येतो आणि त्याने ताप भरतो.

बसवण्याच्या पायऱ्या

१. कवचाची सगळी कापाकापी आधी उरका: बर्नरचं भोक, पुढचं-मागचं तोंड, पाय, कड्या. अस्तर लावल्यावर वेल्डिंग किंवा ड्रिलिंग करायचं नाही.

२. गादीला हात लावण्यापूर्वी चेहऱ्यावर नीट बसणारा कणरोधक मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. कापडी रुमाल चालत नाही. काम उघड्यावर किंवा हवेशीर जागी, वाऱ्याकडे पाठ करून. गादीवर पाण्याचा हलका फवारा मारला की तंतू कमी उडतात. खाली सांडलेलं झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. हे कपडे वेगळे धुवा.

३. कवचाचा आतला परीघ मोजा. २७० व्यासाला सुमारे ८५० मिलिमीटर. त्याहून दहा-पंधरा मिलिमीटर जास्त लांब पट्टा धारदार सुरीने, सरळ पट्टी दाबून कापा. जास्तीची लांबी सांध्यावर दाब ठेवते, त्यामुळे पुढे आक्रसली तरी फट पडत नाही. फार कोंबू नका. दाबून पातळ केलेली गादी कमी अडवते.

४. पहिला थर बसला की आतून कोलॉइडल सिलिका फवारा. तिच्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकले तर कुठे पोहोचली, कुठे नाही ते दिसतं. रंग पहिल्या आगीत जळून जातो. चिंब करायची गरज नाही, वरचे आठ-दहा मिलिमीटर ओले झाले की पुरे. फवारताना मास्क तसाच राहू द्या.

५. दुसरा थर, परीघ सुमारे ६९० मिलिमीटर अधिक थोडं. याचा सांधा पहिल्या सांध्याच्या नेमका समोरच्या बाजूला आणा. सांध्यावर सांधा आला तर ज्योत थेट कवचापर्यंत वाट काढते. पुन्हा फवारणी, यावेळी सढळ हाताने. मग पूर्ण वाळू द्या.

६. बर्नरच्या भोकातून गादी कापा, आत येताना किंचित पसरत जाणारी. बर्नरचं टोक आतल्या पृष्ठभागापासून दहा-पंधरा मिलिमीटर मागे राहिलं पाहिजे. पुढे आलं तर जळून जातं. भोक थोडं तिरकं, स्पर्शरेषेच्या दिशेने असेल तर ज्योत भिंतीवरून फिरत जाते आणि एकाच ठिकाणी भाजत नाही.

७. बर्नर काही सेकंद लावून, बंद करून, पुन्हा लावून गादीचा पृष्ठभाग मंद लाल होईपर्यंत न्या. सिलिका आता तंतूंना जखडते आणि पृष्ठभाग कोऱ्या कागदाच्या पुठ्ठ्यासारखा कडक लागतो. ही पायरी गाळू नका. मऊ गादीवर कास्टेबल लिंपलं तर पहिल्याच धक्क्याला पापुद्रा सुटतो.

८. थंड झाल्यावर कास्टेबल कालवा. वर मांडलेल्या मापाला सगळं मिळून पाच-सहा किलो कोरडं लागतं, पण एका वेळी दोन किलोच घ्या. पाणी स्वच्छ, थंड आणि वजन करून. पत्रकात दहा टक्के लिहिलं असेल तर दोन किलोला दोनशे ग्रॅम. ‘थोडं अजून’ हा मोह आवरा. जास्तीचं पाणी वाळताना छिद्रं सोडून जातं आणि थर निम्म्या ताकदीचा होतो. परीक्षा अशी: मुठीएवढा गोळा करून वीतभर वर उडवा आणि झेला. फुटला तर पाणी कमी, बोटांतून ओघळला तर जास्त.

९. गादीचा पृष्ठभाग पाण्याने नीट भिजवा. कोरडी गादी कास्टेबलचं पाणी शोषून घेते आणि सिमेंट घट्ट होण्याआधीच कोरडं पडतं. मग खालचा एक तृतीयांश भाग लिंपा, दाबून, हवा न ठेवता. तो धरला की कवच फिरवून पुढचा तिसरा भाग. छतावर उलट्या हाताने लिंपण्याची कसरत कशाला! बर्नरच्या भोकात तेल लावलेली नळी ठेवली की भोक नीट राहतं. पुढच्या-मागच्या कडाही झाका, तिथली उघडी गादीच सर्वांत आधी झिजते.

१०. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून २४ तास ओलं ठेवा. हे सिमेंट पाण्याने बांधलं जातं, सुकून नाही.

पहिली आग

इथे घाई करणाऱ्यांची भट्टी पहिल्याच दिवशी फुटते. पिशवी काढल्यावर दोन-तीन दिवस नुसतं हवेत वाळू द्या. आत एखादा जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा लावून ठेवला तर उत्तम. सुटं पाणी शंभर अंशांच्या आसपास जातं, पण सिमेंटने बांधून घेतलेलं पाणी दोनशे ते साडेतीनशे अंशांदरम्यान आणि काही त्याही पुढे सुटतं. ते आत असताना पृष्ठभाग लाल केलात तर वाफेला वाट मिळत नाही आणि थराचे टवके उडतात.

म्हणून: अगदी बारीक ज्योत मिनिटभर, बंद, दहा मिनिटं थांबा. पुन्हा दोन मिनिटं. असं वाढवत तीन-चार तास घालवा. अधूनमधून ज्योत बंद असताना तोंडापाशी थंड आरसा किंवा काच धरा. तिच्यावर दव धरतंय तोवर तापमान वाढवायचं नाही. दव धरणं थांबलं की हळूहळू मंद लालीपर्यंत न्या, तासभर तिथे ठेवा, मग नारिंगीपर्यंत. बंद केल्यावर तोंडं विटांनी झाकून सावकाश निवू द्या. केसाएवढ्या भेगा दिसतील. त्या पडतातच, घाबरू नका. नख शिरेल एवढी भेग असेल तर ती ओली करून पातळ कास्टेबलने बुजवा.

पहिल्या एक-दोन वेळा थोडा वास आणि धूर येतो, कारण गादीच्या उत्पादनात वापरलेलं तेल जळतं. हे सगळं उघड्यावर करा. पुढेही गॅसभट्टी बंद खोलीत चालवायची नाही. छपराखाली असाल तर दोन बाजूंनी हवा खेळती हवी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र भिंतीवर हवं. पांढऱ्या तापाकडे टक लावून बघायचं असेल तर अवरक्त किरण अडवणारा चष्मा घाला. साधा काळा गॉगल पुरत नाही.

शेवटी लेप. झिरकॉनचा असेल तर पातळ सायीइतका कालवून, भिजवलेल्या कास्टेबलवर कुंचल्याने दोन हात, मधे वाळवून.

देखभाल

अस्तर ही खर्ची पडणारी वस्तू आहे हे आधीच मान्य करा. तळ सर्वांत आधी जातो, मग बर्नरसमोरची भिंत. टाकणखाराचा थेंब तळावर साचून काचेसारखा चमकत असेल तर भट्टी लाल असताना सळईने खरवडून काढा. थंड झाल्यावर तो थरासकट निघतो. लोखंडावरून गळालेल्या खपल्या दर वेळी थंड भट्टीतून बाहेर काढा. लोखंडाचा ऑक्साइडही उच्च तापमानाला अस्तर वितळवायला मदत करतो.

कवचावर एका जागी रंग जळालेला किंवा पत्रा निळसर झालेला दिसला तर आत तिथे सांधा उघडला आहे असं समजा. कास्टेबलचा पापुद्रा सुटला आणि खाली पांढरी गादी दिसली, तर त्या दिवसाचं काम थांबवा. गादीच्या तुकड्याला कोलॉइडल सिलिका लावून खड्डा भरा आणि वर नवं कास्टेबल लिंपा. अशी ठिगळं बरीच चालतात. गादी हाताला खडूसारखी ठिसूळ लागायला लागली की मात्र ठिगळं पुरे, सगळं अस्तर बदला.

काढताना आधी पाण्याने पूर्ण भिजवा, कारण क्रिस्टोबलाइट याच जुन्या गादीत असतं. कणरोधक मास्क लावा, इथे चांगल्या प्रतीचाच. तुकडे न झटकता जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक भरा, तोंडं चिकटपट्टीने बंद करा, आत काय आहे ते वर लिहा आणि अशा कचऱ्याच्या स्थानिक नियमाप्रमाणे द्या. कवचाच्या आत चिकटलेला चुरा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही त्याच पिशवीत टाका.